मेल्या ग्रहाची राखणदार

—नाई नाई, मांगं सरकता काहून? हात वर करा जरा. हां. शर्टच शिवाचा हाये ना? मंग छाती मोजाच लागन. आता मले सांगा पाव्हणे, अकोल्यात शिंप्याईचा काय दुष्काळ पडला, तं तुमी एका शर्टासाठी मूर्तिजापूरले आले? हसू नका, टेप सरकते. जो माणूस आधी कापड पुढं करते अन् मंग हळूच म्हणते, 'ते जानरावचं घर कसं हाये हो कुर्बानभाई' — तो शर्टासाठी नाई येत जी, तो पोरीच्या चौकशीले येते. अन् वावगं काई नाई त्याच्यात. तुमचा भाचा? नोकरीवर हाये? वा! म्हणजे सोनंच. आजकाल वावरवाल्याले कोण पोरगी देऊन राह्यलं? जानराव सोता शेतकरी, पण तोच म्हणते, माही रागिणी नोकरीवाल्याच्याच घरी जाईन. बोंडं झाडावरच सडून राह्यली, त्याचं तरी काय चुकलं? तवा हे स्थळ माह्या तोंडापाई बिघडलं ना, तं तो हीच टेप माह्या गळ्याले आवळन. म्हणून मी सांभाळून बोलीन. विचारा.

तो आवाज? आतमंदी मशीन चालू हाये. कारागीर बसते. तिकडं ध्यान देऊ नका. हां, तं तुमच्या ताईले कशी सून पाह्यजे म्हणता? सांगतल्याबिगर पाऊल टाकणार नाई अशी? असं. बरं. — खांदा सीधा ठेवा. — मंग रागिणी म्हणजे गाय हाये जी, गाय! शिलाई माह्याजवळच शिकली. मान खाली, काम चालू. आवाज नाई, तक्रार नाई. लिहून घ्या पाह्यजे तं. आणखी काय? — तो फोटो? तो भिंतीवरचा? ते सोडा. ते काई नाई. चांदीच्या रंगाचा माणूस हाये तो. म्हणजे माणूस नाई, दुसऱ्या ग्रहावरचा. सोडा म्हणलं ना... आता तुमी इतकं विचारूनच राह्यले तं सांगतो.

ते टीव्हीवर आलं होतं नाई का — एक हिरो, एक म्हातारी नटी, एक क्रिकेटवाला, असे सारे जहाजात बसून मेल्या ग्रहावर उतरतात, कोडे सोडवतात, अन् ज्याले नाई सुटलं त्याले शून्यात फेकून देतात? घरच्या साऱ्याईनं पाह्यलं? मंग ऐका, तो ग्रह म्हणजे जानरावचं वावर! कसम खुदाची. मे महिन्यात मुंबईवाले जीपमंदी सारा वऱ्हाड हिंडले. हे वावर दिसलं — जमीन फाटलेली, भेगेत पाय जाईन अशी, कपाशीच्या पऱ्हाटीचे खुंट नुसते — तं तो डायरेक्टर नाचाले लागला, म्हणे, इथं कोणी जगूच शकत नाही, असंच पाहिजे होतं! जानराव बाजूलेच उभा. मले हसू येऊन राह्यलं अन् लाजही वाटून राह्यली. मंग हुकूम निघाला का कॅमेऱ्यात कोणी दिसाचं नाई, मेल्या ग्रहावर जीव नसते. सारं गाव बाभळीमांगं लपलेलं! एक बकरी सुटली, तं त्याईचं अर्धं काम पुन्हा करा लागलं. अन् कार्यक्रमाच्या पाटीवर काय लिहेल होतं? 'वऱ्हाडच्या शेतकऱ्यांसाठी'! घ्या.

तर त्या ग्रहाचा एक राखणदार होता, तोंड झाकलेला. मुंबईहून त्याचा ड्रेस फाटून आला, म्हणून मले बोलावलं. रेक्झीनचा नवा शिवला म्या, काय फिटिंग! पण आतमंदी घुसणारं मुंबईचं पोट्टं आपल्या उन्हात चक्कर येऊन पडलं. मंग गावातल्याच कोणीतरी घातला. कोण ते नका विचारू. शेवटचा खेळ असा का जमिनीवर चौकोन आखेल, एक पाऊल हिरो टाकन, एक पाऊल राखणदार. राखणदारानं गाठलं का धूर निघन अन् हिरो शून्यात! आपल्या आट्यापाट्यासारखंच — पण राखणदाराच्या कानात यंत्र. डायरेक्टर सांगन तिकडंच जाचं. हिरोले जिंकवाचं आधीच ठरेल होतं ना.

आता मधातली गोष्ट ऐका. दुपारी जानरावच्या बायकोनं, मैनाबाईनं, लांबच्या हिरीवरून डोक्यावर हंडा आणला. साऱ्याईच्या पिण्यासाठी. तं त्या हिरोनं काय करावं? बुटाले माती लागली म्हणून हंडा उचलला अन् सारं पाणी बुटावर ओतलं! हसत हसत. बाईनं रिकामा हंडा उचलला, पुन्हा हिरीकडं निघाली. पाव्हणे, मले रडू आलं तवा. खरंच सांगतो.

अन् संध्याकाळी खेळ! कानात डायरेक्टर बोंबलून राह्यला, डावीकडं, डावीकडं. राखणदार उभाच. हालत नाई. मंग एक पाऊल उजवीकडं — सीधा हिरोच्या चौकोनात! धुराचा डबा फुटला — एकच आणेल होता, पुन्हा खेळ घेता येईना — अन् हिरो घाबरून ढेकळात उताणा, पाय वर! आमी बाभळीमांगून शिट्ट्या मारल्या. डायरेक्टर पह्यले चिडला, पण त्याले ते पडणं इतकं आवडलं का टीव्हीवर फिरवून फिरवून दाखवलं. अन् मी ड्रेसाचे बंद सोडून राह्यलो, तं आतून घामानं चिंब तोंड निघालं, म्हणे, 'उस्ताद, माह्या मायचा हंडा होता तो'—

काय? कोणाची माय? म्हणजे... माय आपली, गावात माया काय कमी हायेत... छे. गेलं. माह्या जिभेलेच टाका घालाले पाह्यजे होता.

हो, रागिणीच होती. जानरावनं साऱ्या गावाले शपथ घातली होती, बोलू नका म्हणून. पण तुमचं तोंड काहून उतरलं? हिरोले पाडते ते नवऱ्याले काय करन? अहो, तुमचा भाचा सासूच्या हंड्यानं बूट धुते का? नाई ना? मंग भेव कायचं? — काय म्हणता? समजावून सांगतलं तं सुधरन? सुधराचं काय हाये जी त्याच्यात? मले पोरगी नाई. असती तं मले अशीच पाह्यजे होती, हे तुमच्या ताईले सांगा. हात खाली करा, झालं माप.

थांबा. मशीन कवाची बंद हाये?

ये बेटा. — हो पाव्हणे, हेच रागिणी. कारागीर म्हणलं होतं, खोटं नाई बोललो. आता उभे काहून राह्यले? न कापताच घडी करून वापस देऊन राह्यली ते तुमचं कापड, घ्या ना, कवाची हात पुढं करून हाये. जानरावचं मी पाहून घेईन. अन् माह्याकडं काय पाहता? मले विचारून पाऊल टाकते का ते! पाचची पॅसेंजर भेटन अजून. जरा बाजूले सरका, तिले कामावर बसाचं हाये.