फुकटची सिस्टीम की विकतची

"पाय दुखून राहिले, बसचा पत्ता नाही, अन् मालकाले उद्या उत्तर पायजे," बर्डीच्या थांब्यावर माझ्यामागे ट्रान्सपोर्ट ऑफिसचे चंपतराव कुरकुरले. "नवा कम्प्युटर चालवाले सिस्टीम विकतची घ्यावी, का कॉलेजच्या पोरांनी बनवलेली फुकटची?"

"फुकटची घ्या ना," त्यांची टायपिस्ट वच्छला म्हणाली.

"अन् बंद पडली तं शिव्या कोणाले देऊ?"

"विकतची बंद पडली तं?"

"कंपनीचा माणूस मुंबईहून येते. मशीन उघडून पायते."

"उघडून?"

"मंग काय, वरून हात फिरवून?"

"तं फुकटचीच बरी."

"काहून वं?"

"चंपतरावजी, ऑफिसात सारे गप आहेत, पण दसऱ्याच्या पूजेले तुम्ही नारळ मशीनवरच फोडला. पाणी आत गेलं. तवापासून त्याचा दिवाबी लागला नाही."