कुंपणाचा सतरावा खांब

हॅलो?… हॅलो, हो, संग्रहालयच… हो, कीटक विभागच… कोण हवंय?… अगं सिनिया! मग सरळ 'हान्या आहे का' म्हण ना! सख्ख्या बहिणीचा आवाज ओळखत नाहीस?…

नाही, मोकळी कुठली? एका हातात चिमटा आहे, चिमट्यात पाय आहे… अगं माझा नाही, किड्याचा! थांब, खाली ठेवते हळूच… हं. बोल. पण पटकन बोल, पाचच्या आत लेख पाठवायचाय… तोच तो. नव्या सोंडकिड्याचा. वर्णन लिहून झालं, मापं झाली, चित्रं झाली, सोंडेवरचे खवलेसुद्धा मोजून झाले. फक्त नावाची जागा कोरी आहे…

कोरी म्हणजे कोरी! टिंबं टाकून ठेवलीत तिथे. बाबा हो म्हणेपर्यंत त्यांचं नाव मी कशी लिहू?…

आजही नाही बोलले? अकरावा दिवस गं आज… तुझ्याशी तरी?… 'मीठ' म्हणाले? नुसतं 'मीठ'? मग भाग्यवान आहेस. काल मी फोन केला, तर त्यांनी उचलून बहुतेक गाईशेजारी ठेवून दिला. दहा मिनिटं रवंथ ऐकलं मी…

हसू नकोस! हसू नकोस म्हणते ना!… हो, मलाही आलं हसू, पण नंतर. आधी रडले.

…कारण मला वाटलं होतं खूश होतील, म्हणून! एकतीस वर्षं झाली मला इथे. एकतीस वर्षं मी दुसऱ्यांचे किडे टाचण्यांवर लावले, दुसऱ्यांच्या चिठ्ठ्या लिहिल्या. कुणी आपल्या गुरूचं नाव देतं, कुणी बायकोचं, एकाने तर कुत्र्याचं दिलं. हा पहिला किडा माझा. मी शोधलेला, मी ओळखलेला, मी काढलेला. जगात कुणी त्याला नाव दिलेलं नाही…

छे, स्वतःचं नाही देता येत. म्हणजे कायद्याने देता येतं, पण रीत नाही. लोक तोंडात शेण घालतील. आणि मला माझं द्यायचंही नाहीये. मला 'एलादिओ' द्यायचंय. आठ वर्षांची होते मी. सुतारशाळेत फळीवर माझं डोकं दाबून म्हणाले होते, 'श्वास रोख. ऐक.' आणि आत कुणीतरी कुरकुर-कुरकुर खात होतं… हो ना? तुलाही ऐकवलं होतं? तू पळून गेली होतीस! मी तिथेच राहिले. अजून तिथेच आहे बघ.

…हो, हो, कळतंय मला त्यांचं. अख्खं खोरं लाकूड तोडायच्या आधी बाबांना विचारतं. 'एलादिओकाका, चंद्र उतरतोय का? एलादिओकाका, गुरुवारी तोडू का?' उतरत्या चंद्रात तोडलेल्या लाकडाला कीड लागत नाही, आणि बाबांच्या लाकडाला तर नाहीच नाही, साठ वर्षांचा लौकिक. आणि त्यांची लेक रविवारच्या जेवणावर बसून काय सांगते? 'बाबा, तुमच्याच कुंपणात लाकूड पोखरणारा नवा किडा सापडला, आता जगभर छापून येणार!' … हो गं, चमचा खाली ठेवला त्यांनी. रश्श्यातलं कणीससुद्धा तसंच. 'माझ्या लाकडाला कीड लागत नाही,' एवढंच म्हणाले आणि उठले.

अगं पण खरं तर एकाच खांबात आहे ना ते! कुंपणाला चाळीस खांब, सगळे पोरोच्या ओल्या फांद्यांचे, सगळे पालवी फुटून त्यांची झाडं झाली. एक सतरावा तेवढा फुटला नाही, तिथल्या तिथे मेला, त्यात हे राहतात. मेलेलंच लाकूड खातात बिचारे. जिवंत झाडाला शिवत नाहीत, कापून रचलेल्या फळ्यांकडे ढुंकून बघत नाहीत. पण हे सांगायला बाबा समोर बसतील तर…

काय?

काय घेऊन गेलेत?… पहार आणि कोयता? कुठे, कुंपणाकडे? कधी?… आणि हे तू मला आत्ता सांगतेस! मीठ-मीठ काय करत बसलीस मघापासून!… सिनिया, धाव! अगं कॉफी राहू दे गाळायची, धाव!… चप्पल कसली घालतेस!

ऐक, चालता चालता ऐक. तो खांब उपटला तर संपलं. माझ्याकडे चौदा माद्या आहेत आणि नर एकच. एकच! त्याच्या पुढच्या मांडीवर दोन दात आहेत, बाकी सगळ्या भावकीला एकच असतो. त्या दोन दातांवरच उभा आहे माझा सगळा लेख… हो, मांडीवर दात. हस, हस खुशाल, पण पाय उचल. उद्या कुणी म्हणालं, 'बाई, तुमचा एक नर जन्मतःच वेडावाकडा असेल', तर मी दुसरा कुठून आणू? त्याच खांबात आहेत सगळ्या अळ्या. दुसरं घर मला ठाऊक नाही त्यांचं…

कुठवर आलीस?… पेरूपाशीच? अगं काय गोगलगाय आहेस का?… बरं, धाप लागली तर लागू दे. बोलू नकोस, नुसती चाल… बोलायचंय? काय बोलायचंय?… ओल्मानचं काय?… तुझ्या नवऱ्याचा काय संबंध यात?…

थांब. पुन्हा सांग.

…कधी? बाबा डोळ्याच्या ऑपरेशनला गेले होते तेव्हा?… शेजारच्या मिरेयाबाईंची गाय घुसली, जुना खांब मोडला… हो… हो, आठवतंय, मॅच होती त्या दिवशी… मग ओल्मानने घाईघाईत पोरोची फांदी तोडून तिथे ठोकली… चंद्र?… चढता होता? अगं चढता म्हणजे किती?… पौर्णिमा दोन दिवसांवर!

अगं बाई गं.

नाही, मी चिडत नाहीये… चिडले नाही म्हणते ना! उलट… दोन वर्षं पोटात ठेवलंत दोघांनी? आणि बाबा अकरा दिवस स्वतःच्या चंद्राला दोष देत बसलेत… ओल्मान घाबरला असेल, मान्य. सगळेच घाबरतात बाबांना. पण तू?…

एक मिनिट. मला चंद्राचं राहू दे, चंद्रावर माझा तुमच्याइतका विश्वास नाही. मला वेगळं सांग. बाबा खांब लावतात तेव्हा वरचा काप कसा असतो?… तिरका. बरोबर. पाणी निथळून जावं म्हणून. आणि हा सतरावा?… तुला आता दिसतोय ना तिथून? वरून बघ… सपाट?… सपाट ताटासारखा?… हात्तिच्या! वर पाणी साचलं, गाभा कुजला, म्हणून ते आले राहायला! आणि मी वीस वेळा गेले त्या खांबापाशी. वीस वेळा! प्रत्येक भोक भिंगाने पाहिलं, भुसा बाटलीत भरला, आणि मान वर करून डोकं काही पाहिलं नाही खांबाचं. सुताराची मुलगी म्हणे मी!

…बरं, बाबा काय करताहेत?… खणताहेत? अडव त्यांना! ओरड!… अगं जोरात, डाव्या कानाने ऐकू येत नाही त्यांना… काय?… सतराव्याला हात लावलेला नाही?… मग खणताहेत काय?

…शेजारी?… नवा खांब?

नीट सांग गं, मला इथून दिसत नाही. नवा पोरो शेजारी रोवलाय… वर तिरका काप… हं… आणि सतराव्यावरची काटेरी तार सोडवून नव्यावर घेताहेत… म्हणजे जुन्यावर ताण नको… म्हणजे गाईने धक्का दिला तरी…

नाही, रडत नाहीये. भिंगात बघून डोळ्यांना पाणी येतं. दे त्यांना फोन. दे म्हणते ना. बोलत नसले तरी कानाला लाव.

…बाबा?

बाबा, हान्या बोलतेय… हान्या!… हो, संग्रहालयातूनच… जेवले… हो, भातच, आणि घेवडा… बाबा, ओल्मानने सांगितलं सगळं. म्हणजे सिनियाने सांगितलं. तो खांब तुम्ही तोडलेला नाही…

काय? तुम्हाला माहीत होतं?… कधीपासून?… दवाखान्यातून आलात त्याच दिवशी? पट्टी होती ना डोळ्यावर!… हाताने चाचपलंत. सपाट लागला… हो, तुमच्या घरात सपाट कोण कापणार दुसरं.

मग रविवारी का नाही बोललात? एक वाक्य तर बोलायचं होतं, 'तो खांब माझा नाही'… अकरा दिवस, बाबा! मला वाटलं माझं तोंडही बघायचं नाही तुम्हाला…

हं.

…हं… हो, जेवायला तोही बसला होता ना समोरच… हो… पोरांसमोर कसं नाव घेणार त्याचं, खरंय… आणि नाव घेतल्याशिवाय तुमचं लाकूड सुटत नाही. म्हणून गप्प… अहो, मग निदान मला एकटीला फोनवर… गाईजवळ नाही ठेवलात? तुमच्याच मांडीवर होता? म्हणजे ते रवंथ म्हणजे… तुम्ही पेरू खात होतात? दहा मिनिटं?… बाबा, तुम्ही पण ना!

…नाही, नाही, ओल्मानचं नाव कुठेच येणार नाही लेखात. कुणी तोडला ते विचारतच नाहीत. गाव, कुंपण, पोरोचा मेलेला खांब, तारीख, बस… चंद्र? चंद्रही नाही विचारत… हो ना, अडाणीच आहेत… 'कुंपण एलादिओ यांचं', एवढं लिहिते. चालेल?… लोक म्हणतील एलादिओच्या कुंपणाला कीड? म्हणू दे म्हणता?… 'माझ्या कुंपणात माझा जावईही आहे.' वा! हे तुम्ही त्याच्यासमोर म्हणा एकदा, रडेल तो.

…नवा कधी तोडलात?… चार दिवसांपूर्वी, उतरत्या चंद्रात. विचारायलाच नको होतं मी… जुना राहू दे तसाच? पडेल तेव्हा पडेल? हो. हो, बाबा. त्याला आता काही काम नाही. नुसतं उभं राहायचं.

किती मोठा म्हणजे?… तीन मिलिमीटर. तांदळाचा अर्धा दाणा… नाही हो, तुम्हाला नुसत्या डोळ्याने नाही दिसायचा. रविवारी भिंग घेऊन येते. आणि चित्र आणते, मोठं, हाताएवढं. मीच काढलंय. दोन महिने लागले… हो, दोन्ही दात दिसतात मांडीवरचे. कोण म्हणालं?… सिनिया ना, तिला काय हसायला कारणच लागत नाही.

बाबा, पावणेपाच होताहेत. विचारू एकदा शेवटचं?… नाव लिहू का?

…बाबा?

लिहू ना?… हॅलो? बाबा, आवाज गेला तुमचा… सिनिया, कुणी आहे का? नुसता वारा येतोय… कोंबडा… आता काहीतरी घासतंय… अहो, फोन कुठे धरलाय तुम्ही? लाकडाला टेकवलाय का?… बाबा, एवढं नाही ऐकू येत फोनवर! तीन मिलिमीटरचा जीव तो, त्याची अळी ती केवढी…

बरं. बरं, रोखते श्वास.

…

…

हो.

हो, बाबा, काय म्हणालात?… कोण? कोण जेवतोय आत?…

एलादिओ जेवतोय.

हो, बाबा… लिहिते. आत्ताच लिहिते, टिंबं खोडून. जेवू दे त्याला पोटभर, घाई नाही म्हणावं… आणि तुम्हीही जा आता, कॉफी निवली असेल… हॅलो?… हॅलो?