खाऱ्या तळ्याचा चकवा

ऐका पोरांनो, शेकोटीजवळ सरका. मधात कुणी बोलू नका. ही गोष्ट हसण्यावारी न्यायची नाई.

लोणारचं विवर तुम्ही दिवसा पाहिलं. वरून कसं गोल, हिरवं! खाली खारं तळं, भोवती अभयारण्याचं दाट रान. दिवसा माणसं पायऱ्यांनी उतरतात, देवीले हात जोडतात, वर येतात. पण आपल्या बाजूनं बोरीच्या काट्यांतून एक बकऱ्यांची वाट उतरते ना? तिची ही गोष्ट.

आपल्या आळीतला उखर्डा. त्याची बहीण वच्छला बाळंतपणाले माहेरी आलेली. सव्वा महिना झाला, तशी देवीची ओटी भराले दुपारी एकटीच त्या वाटेनं उतरली. लेकरू माझ्या मांडीवर दिलं. म्हणे, "काकू, दिवस मावळायच्या आत येते."

दिवस मावळला. वच्छी नाई.

उखर्डानं कंदील उचलला. वनरक्षकानं अडवलं. "अंधारात बिबट्या फिरतो. सकाळी माणसं घेऊन उतरू."

"सकाळपर्यंत माझी बहीण ऱ्हाते काय?" उखर्डा म्हणे. अन् गेला की हो! एकटा! त्याच वाटेनं!

खाली रातकिडासुद्धा बोलेना. त्यानं हाक मारली, "वच्छेऽऽ!" विवराची भिंत हाक परत देते, ठाऊक हाय ना तुम्हाले? त्या रात्री नाई दिली. गिळली हाक!

काठानं चालू लागला. एक वाकडी चिंच लागली. चालला, चालला, पुन्हा तीच चिंच. मग त्यानं खांद्यावरचं उपरणं फांदीले बांधलं अन् पुन्हा चालला. आली चिंच! उपरणं होतं. पण ओलंचिंब. अन् गाठ दुसऱ्याच कुणी मारलेली! चकवा, पोरांनो. चकवा लागला होता त्याले.

तेवढ्यात पुढं बांगड्या वाजल्या. वच्छी! पाठमोरी, हिरवं लुगडं. "चाल दादा, वाट मले माहीत हाय."

त्याचा जीव भांड्यात पडला. निघाला मागं मागं. कंदील वर धरला, तर उजेड तिच्या अंगावर पडेचना! पायाखाली मऊ लागलं. पांढरा, खारा चिखल. घोट्यापर्यंत पाय गेला.

अन् बाजूनं कुणी कण्हलं. "दादा, तिच्यामागं जाऊ नको. मी इथं हाय."

कमरेपर्यंत रुतलेली बाई. तोंड चिखलानं असं माखलेलं, की ओळखू येईना.

पुढची हसली. "पाहू नको तिच्याकडं. तेच तर भूत हाय, दादा."

काय करावं माणसानं? सांगा! आवाज तर एकच!

 उखर्डानं विचारलं, "वच्छे, लेकराचं नाव काय?"

पुढची लगेच म्हणे, "राघोबा."

चिखलातली रडली. "नाव कुठं ठेवलं दादा? त्याचा बाप ऊसतोडीवरून आल्यावर बारसं हाय ना."

उखर्डानं कंदील टाकला, पालथा पडला, वच्छीचे हात धरून ओढलं. चिखल सोडेना. तिचा खांदा निखळला, तरी ओढलं. निघाली एकदाची! दोघं चढाले लागले. काटे, दगड, अंगभर रक्त.

मग मागून लेकरू रडलं.

तळ्यातून! घसा फोडून! वच्छी जागच्या जागी थांबली. "माझं बाळ, दादा! दुपारीही असंच रडलं. म्हणून तर मी चिखलात गेले." तिचा पदर दुधानं भिजला. ती मागं वळाले लागली.

उखर्डानं तिचे केस मुठीत धरले अन् फरफटत ओढली. ती त्याले चावली. शिव्या दिल्या. पाया पडली. त्यानं सोडलं नाई. वर येईस्तोवर ते रडणं त्यांच्या टाचेपाशी होतं.

दोघं जिवंत आले. पण ऐका. लेकरू दुपारपासून माझ्या मांडीवर निजलेलं. एकदाही रडलं नव्हतं! मी ते वच्छीपुढं धरलं. ते जागं झालं, आईले पाहून रडलं. अन् वच्छी कोपऱ्यात सरकली. "नको काकू. हे तेच हाय. तळ्यातलं."

खांदा बसला, मन नाई बसलं. पोरगं बकरीच्या दुधावर मीच वाढवलं. ते रडलं की आई घर सोडून पळे.

म्हणून सांगते. बकरी हरवो, आपल्या माणसाची हाक येवो, त्या बोरीच्या वाटेनं उतरू नका. अन् अंधारात खालून लेकराचं रडणं आलं, तर आधी घरात जा. आपलं लेकरू चाचपून पाहा.