पहिली किक

धाकटी : मी हात लावला तर झिजणार आहे का ती?

वहिनी : झिजणार नाही, वन्सं, पण डाग पडेल. आत्ताच टाकी पुसलीय. बोटांना काय लागलंय तुझ्या?

धाकटी : जॅम. आणि वन्सं म्हणू नकोस गं, म्हातारी झाल्यासारखं वाटतं.

वहिनी : मग काय, नणंदबाई म्हणू?

धाकटी : फारच खुशीत आहेस तू! बाबा पण. सकाळी उठून चक्क न्हाव्याकडे गेलाय दाढी करायला. दादाच्या लग्नात सुद्धा घरीच खरवडली होती त्यानं, आठवतंय ना? हनुवटीला कापूस लावून उभा होता फोटोत.

वहिनी : इतक्या वर्षांनी त्यांची मोटारसायकल सुरू होणार आज. म्हणाले, तिच्यासमोर असे खुंट वाढवून कसं उभं राहायचं?

धाकटी : बघ! तिच्यासमोर! मी परवा एवढ्या महिन्यांनी घरी आले, तेव्हा होतेच की खुंट.

वहिनी : अगं, गाडीवर जळतेस होय?

धाकटी : गाडीवर कशाला जळू? तुझ्यावर जळतेय. सरळच सांगते, पोटात ठेवून ठेवून दुखायला लागलं. काल जेवताना मला वाटलं टेबलाखाली मांजर शिरलं. वाकून बघते तर तुझे पाय! बाबा घास चावता चावता म्हणतो, 'ब्रेक!' की तुझा डावा पाय धाडकन खाली. 'गिअर!' की उजवा वर. आणि दादा आपला शांतपणे जेवतोय, जसं काही सगळ्यांच्याच घरी असं चालतं.

वहिनी : विलायती गाडी आहे ही. हिचं सगळं उलटं. आपल्या गाड्यांचा ब्रेक उजव्या पायाशी, हिचा डाव्या. घाईत चुकीचा पाय पडला की गाडी थांबायच्या ऐवजी गिअर बदलतो आणि आपण थेट भिंतीत. पायांना सवय नको करायला?

धाकटी : हिचं काय काय उलटं आहे ते मला माहितीय. मला नको शिकवूस.

वहिनी : तुला कसं माहीत? तू तर शेडमध्ये कधी...

धाकटी : आलेच नाही, माहितीय. येऊच द्यायचा नाही ना! 'ग्रीस लागेल, चिमणे, बाहेर हो.' आणि वर आतून कडी. मी त्या खिडकीच्या गजांना नाक लावून उभी राहायचे, रोज सकाळी तो ती सुरू करायचा तेव्हा, पाठीवर दप्तर घेऊन. आणि तू? लग्न होऊन आलीस, ताडपत्री उचललीस, 'बाबा, हे काय हो?' म्हणालीस, की झालीस उस्ताद! रविवारी फोन केला की तेच. उस्तादनं इंजिन खोललं. उस्तादनं ब्रिटनमधल्या कुठल्या म्हाताऱ्याला गाठून पिस्टन मागवला. मी म्हटलं, बाबा, मी पहिली आले. तर म्हणतो, वा वा, अगं इकडे पिस्टन बसला!

वहिनी : पहिली आलीस? मला नाही सांगितलं त्यांनी.

धाकटी : कसं सांगेल? पिस्टन बसला होता ना!

वहिनी : बरं, चिडू नकोस. ते येईपर्यंत मी हात धुऊन शर्ट बदलून येते. पहिली किक मारायचीय, या चिंध्यांत नको. तू बस इथं. नुसती बस.

(वहिनी घरात जाते. जरा वेळानं शेडमधून किकचा दणका, मग इंजिनाची धडधड. वहिनी धावत येते.)

धाकटी : ऐकलंस? ऐकलंस? एका किकमध्ये! कार्बोरेटरवरची कळ दाबली, पेट्रोल बोटावर आलं, हँडलवरचा लिव्हर दाबून किक हळूच खाली घेतली, आणि मग दिली लाथ! गजांतून बघून बघून पाठ केलेलं गं सगळं, इतक्या वर्षांपूर्वी, आणि एका...

वहिनी : बंद कर!

धाकटी : काय? ऐकू येत नाही! बघ कशी बोलतेय!

वहिनी : बंद कर म्हणते ना आधी! बंद!

धाकटी : केली, केली! एवढं काय? तुझी पहिली किक मी मारली म्हणून? आता कळलं ना, जळणं काय असतं ते?

वहिनी : चावी उघडली होतीस? तेलाची?

धाकटी : पेट्रोलची उघडली. तेलाला चावी नसतेच हिच्या.

वहिनी : आता आहे. हिचं तेल वेगळ्या टाकीत असतं. गाडी उभी राहिली की ते झिरपून झिरपून इंजिनाच्या पोटात उतरायचं. म्हणून बाबांनी आणि मी मध्ये चावी बसवली. ही बघ, या नळीवर. आडवी आहे. आडवी म्हणजे बंद.

धाकटी : म्हणजे?

वहिनी : म्हणजे इंजिन कोरडं फिरलं.

धाकटी : पण... नव्हती ही. मी बघायचे तेव्हा नव्हती.

वहिनी : मागच्या उन्हाळ्यात बसवली. जाऊ दे आता. फाटक वाजलं, बाबा आले. तू गप्प उभी राहा. मी विसरले म्हणून सांगते.

धाकटी : अगं पण...

बाबा : कोपऱ्यावर ऐकला आवाज! काय वाजली! न्हावी ओरडतोय, साहेब, दुसरा गाल राहिला. म्हटलं, राहू दे गालाला! का गं, बंद का केलीत?

वहिनी : बाबा, तेलाची चावी बंद होती. विसरले मी.

बाबा : किती वेळ फिरली?

वहिनी : मिनिटभर. जरा जास्तच असेल.

बाबा : रेस दिली?

वहिनी : नाही... थोडी दिली असेल.

बाबा : खालून आवाज? खडखड? धूर कसला होता, उस्ताद, निळा की पांढरा?

धाकटी : मला विचार ना! तिला काय विचारतोस? ती घरात हाताला साबण लावत होती. मी मारली किक. मी नाही उघडली चावी. आणि रेस थोडी नाही, चांगली सणसणीत दिली.

बाबा : तू? हात्तिच्या. असू दे, असू दे, चिमणे. तुला काय माहीत? होतं असं. जा, हातपाय धू. हां, तर उस्ताद...

धाकटी : नाही धुणार! 'असू दे' काय? तिनं केलं म्हटल्यावर तुला घाम फुटला, प्रश्नावर प्रश्न, आणि मी केलं तर असू दे? पाहुणी आहे का मी? तुझी गाडी मारून टाकली असेल मी, बाबा! ओरड ना!

बाबा : ओरडू?

धाकटी : ओरड!

बाबा : गाढवे! अक्कल काय हॉस्टेलच्या कपाटात ठेवून आलीस? दुसऱ्यानं बांधलेल्या इंजिनाला न विचारता लाथ घालतेस? नाक तेवढं माझं घेतलंस, डोकं कुणाचं घेतलंस? पहिल्यापासून हेच! धड चालता येत नव्हतं, तेव्हा फिरत्या चेनमध्ये बोट घालायला निघाली होतीस. हसत हसत! मागून फ्रॉक धरून ओढली, म्हणून आज दहाच्या दहा बोटं आहेत. त्या दिवसापासून कडी लावायला लागलो मी या शेडला. डोळे मिटले की ते एवढंसं बोट दिसायचं. उस्ताद या घरात आली ती मोठी होऊनच आली, तिची नाही वाटली भीती. तुझी वाटते. अजून वाटते! आणि आता बघत काय बसलीस? ती परात घे आणि खालचं तेलाचं बूच काढ. तसं नाही गं, उलट फिरव!

धाकटी : निघालं. आई गं, कोमट आहे.

बाबा : चिमटीत घे. चोळ. आता दारात जाऊन उन्हात धर. चमकलं तर समज, बेअरिंगचा भुगा झाला, गेली आमची दोन वर्षं. बोल ना! चमकतंय?

धाकटी : नाही. थांब, बोटं पुसून दुसरं घेते. नाही, बाबा. नुसतं तेल आहे. मधासारखं.

बाबा : नीट बघितलंस?

धाकटी : ये ना, तूच बघ.

बाबा : हं... हं. वाचलीस. आत जे थोडं राहिलं होतं त्यावर निभावलं. मूर्ख कुठली. लाव आता बूच. घट्ट लाव! जेवायला देत नाहीत का तिकडे? हे काय पिळणं आहे? हां, असं. आता कसं!

वहिनी : बाबा, माझ्यावर नाही हो असे कधी ओरडलात.

बाबा : तू चुकतच नाहीस ना, उस्ताद.

वहिनी : नाही. मला चुकून कसं चालेल?