दूरध्वनी या शीर्षाखाली

शिंपी : अर्ज नकोय मला, साहेब. अर्ज तीनदा दिला. आता उत्तर द्या.

लेखापाल : असं आहे मास्तर, हा नगरपालिकेचा लेखा विभाग आहे. इथे जमा आणि खर्च बघतात. फोन कुणी उचलला नाही, ही तक्रार खाली आवक-जावकला द्यायची.

शिंपी : दिली. त्यांनी आरोग्याकडे पाठवलं. आरोग्याने अग्निशमनाकडे. अग्निशमनवाले म्हणाले, त्या फोनच्या खोलीचा पैसा वरच्या मजल्यावरचे लेखापाल सांभाळतात. आता तुम्ही मला परत खाली धाडा, म्हणजे सगळ्यांचे हात झटकून झाले.

लेखापाल : बसा तरी आधी.

शिंपी : बसत नाही. हे टेलिफोनचं बिल. खालून दुसरी ओळ वाचा. मोठ्याने वाचा.

लेखापाल : 'आपत्कालीन दूरध्वनी सेवा शुल्क.'

शिंपी : एका शर्टाच्या बटणांएवढे पैसे. दर महिन्याला. नऊ वर्षं भरतोय, एक महिना चुकवला नाही. कशासाठी भरतोय?

लेखापाल : प्रत्येक जोडणीधारकाकडून ते घेतलं जातं. टेलिफोन कंपनी वसूल करते, आमच्याकडे जमा करते, त्यातून ही सेवा चालते. वरून अनुदान नाही. लोकांच्या पैशावर लोकांची सोय.

शिंपी : छान. मग सहा आठवड्यांपूर्वी, मंगळवारी सकाळी अकराला ती सोय कुठे गेली होती? आमची ही दुकानात इस्त्री करत उभी होती. आधी इस्त्री खाली पडली, मागोमाग ही. तोंड एका बाजूला ओढलेलं. तिचं डोकं माझ्या मांडीवर, फोन कान आणि खांद्याच्या मध्ये. आणि तो वाजतोय. नुसता वाजतोय. साहेब, तुम्ही कधी ऐकलंय का तसं? माणूस मांडीवर जातंय आणि कानात टुर्र टुर्र.

लेखापाल : वाईट झालं.

शिंपी : शेवटी विटांचा टेम्पो अडवला. विटांवर चादर टाकून नेलं तिला. जवळ दिसला त्या दवाखान्यात नेलं. तिथे मेंदूचा फोटो काढायचं मशीनच नाही. मोठ्या रुग्णालयात पोचेस्तोवर दुपारचे चार. डॉक्टर म्हणाले, सकाळीच थेट इकडे का नाही आणलंत? मी काय सांगू? मला कुठे माहीत होतं कुठे न्यायचं? ते सांगायला कुणीतरी बसवलंय म्हणूनच पैसे देतोय ना मी!

ऑपरेटर : साहेब, आत येऊ का? रजेचा अर्ज होता. सही हवी होती.

लेखापाल : थांबा बाई जरा. बघताय ना.

शिंपी : तिचा उजवा हात गेला. बोलणं गेलं. चौदा वर्षं काजं तीच करायची, मशीनपेक्षा सुबक. आता ती हाताकडे बघत बसते, जसा काही तो दुसऱ्या कुणाचा आहे. आणि तुमच्या त्या खोलीत कोण बाई होती त्या दिवशी? गप्पा छाटत असेल, नाहीतर डुलक्या काढत असेल. एकदा ती माझ्यासमोर यावी. बस, एकदा.

ऑपरेटर : ती मीच.

लेखापाल : बाई, तुम्ही बाहेर थांबा.

ऑपरेटर : नाही साहेब. मंगळवार, सकाळपाळी. अकरा वाजून चार मिनिटांनी तुमचा फोन आला, मास्तर. सव्वाअकराला बंद झाला. अकरा मिनिटं.

शिंपी : तुम्हाला माहीत आहे?

ऑपरेटर : दुसऱ्या लाइनचा दिवा माझ्या डोळ्यांसमोर असतो. पूर्ण अकरा मिनिटं तो लुकलुकताना मी बघत होते.

शिंपी : बघत होत्या! आणि उचलला नाही?

ऑपरेटर : पहिल्या लाइनवर एक आई होती. वीस दिवसांचं बाळ. दूध पाजताना ठसका लागला आणि श्वास थांबला. घरात दुसरं कुणी नाही. ती रडत होती आणि मी तिला सांगत होते, दोन बोटं छातीवर ठेवा, माझ्याबरोबर मोजा. एक, दोन, तीन. मी मोजणं थांबवलं की ती थांबायची. गाडी पोचेपर्यंत मी मोजत राहिले.

शिंपी : दुसरं कुणी नव्हतं खोलीत?

ऑपरेटर : दुसरी खुर्ची आहे. तिच्यावर आम्ही डबे ठेवतो.

शिंपी : ...आणि ते बाळ?

ऑपरेटर : वाचलं.

शिंपी : बरं झालं.

ऑपरेटर : नंतर तुमच्या नंबरवर मी चारदा फोन केला. कुणी घेतला नाही.

शिंपी : दुकान उघडंच टाकून गेलो होतो. कोण घेणार? बघा, सहा आठवडे मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडतोय. कापड कापताना, रस्त्याने जाताना, जेवताना. शब्दन्‌शब्द ठरवून ठेवला होता. आता कुणाशी भांडू?

लेखापाल : मास्तर, तुमच्या भावना समजतात. पण दुसरा ऑपरेटर नेमायचा तर शुल्क वाढवावं लागतं. दोन वर्षांपूर्वी तसा प्रस्ताव आणला होता, तेव्हा शहरातून विरोधाचं निवेदन आलं. चारशे सह्या. सह्यांचा कागद कुठे ठेवला होता, आठवतंय?

शिंपी : आठवतंय. माझ्या दुकानात. कापायच्या टेबलावर.

लेखापाल : पहिली सही कुणाची आहे?

शिंपी : माझी. नाकारत नाही. पण साहेब, तुम्ही तेव्हा काय छापलं होतं? 'सेवेच्या सक्षमीकरणासाठी.' सक्षमीकरण म्हणजे काय, कुणाच्या बापाला कळलं? सरळ लिहायचं होतं, खोलीत एकच माणूस असतो, दुसरा फोन आला तर वाजत राहील. मी सही केली नसती. उलट दारोदार फिरून पैसे जमवले असते.

ऑपरेटर : मास्तर, एक विचारा साहेबांना. वाढ नामंजूर झाली, पण जुनं शुल्क तर येतच होतं. त्यात दुसरी खुर्ची मंजूर होती. पहिल्या वर्षापासून. मी रुजू झाले तेव्हा आम्ही दोघी होतो. ती लग्न होऊन गेली, तिच्या जागी कुणी आलंच नाही. चार वर्षं झाली.

शिंपी : मग तिच्या पगाराचे पैसे?

लेखापाल : ते... शिल्लक राहत होते.

शिंपी : कुठे आहेत?

लेखापाल : यंदा खर्ची पडले. रीतसर. दूरध्वनी या शीर्षाखाली.

शिंपी : मराठीत सांगा.

लेखापाल : मराठीच आहे ते.

ऑपरेटर : मी सांगते. नगरसेवकांना नवे मोबाइल दिले. एकेकाला एक, अध्यक्षांना दोन.

शिंपी : काय?

लेखापाल : ठराव झालाय तसा. शुल्क दूरध्वनीसाठी गोळा होतं, आणि घेतलेली वस्तूही दूरध्वनीच आहे. कायद्याच्या दृष्टीने...

शिंपी : कायद्याच्या दृष्टीने! उद्या तुमच्या कोटाचं कापड घेऊन मी माझ्या घरचे पडदे शिवतो. आणि सांगतो, कापडच होतं ना साहेब, कापडाच्याच कामी आलं! चालेल? बोला ना, चालेल?

लेखापाल : आवाज खाली करा. बाहेर लोक आहेत.

शिंपी : असू देत. त्यांच्याही बिलात ती ओळ आहे. अहो, ज्या फोनने मदत मागायची त्याच्यावर माणूस नाही, आणि ज्यांना काही मागायचंच नाही त्यांच्या खिशात माझ्या बायकोच्या हाताचे पैसे वाजतायत!

ऑपरेटर : या वर्षात दोनशे सहा फोन असे वाजून बंद झालेत, साहेब. रोज मी वहीत वेळ टिपते. दर महिन्याला वर पाठवते. वाचतं का कुणी?

लेखापाल : मी वाचतो.

ऑपरेटर : तुम्ही?

लेखापाल : मी वाचतो, बाई. आणि ज्या दिवशी मोबाइलची फाइल आली, त्या दिवशी मी तिच्यावर टीप लिहिली. 'सदर खर्च या शीर्षाखाली बसत नाही. ही रक्कम ऑपरेटरच्या रिक्त पदाची आहे.' तारीख घालून, सहीनिशी. फाइल वर गेली, आणि खाली आली तेव्हा टिपेवर दुसरा कागद डकवलेला होता.

शिंपी : आणि तुम्ही गप्प बसलात.

लेखापाल : निवृत्तीला सात महिने राहिलेत, मास्तर. पेन्शनच्या कागदांवर त्यांचीच सही लागते. घरी मुलगी आहे, तिचं... जाऊ द्या. हो. गप्प बसलो.

शिंपी : गुरुवारी सभा आहे ना तुमची? लोकांना बसता येतं?

लेखापाल : मागच्या बाकांवर. बोलता येत नाही, अध्यक्षांनी परवानगी दिल्याशिवाय.

शिंपी : मी आमच्या हिला घेऊन येतो.

लेखापाल : त्यांना कशाला त्रास? बोलताही येत नाही म्हणता.

शिंपी : बसता येतं ना! दिसता येतं ना! तुम्ही फक्त तो वरचा कागद उचकटून खालचं वाचून दाखवा. पाच ओळी असतील. पाच ओळी वाचायला किती वेळ लागतो?

ऑपरेटर : साहेब, माझी वही मी देते. आणि तो गावी जायच्या रजेचा अर्ज फाडून टाका. गुरुवारी दुपारपाळी आहे माझी, त्याआधी मी सभेला येईन.

(गुरुवार. सभा संपल्यावर, सभागृहाबाहेरच्या जिन्यावर.)

शिंपी : साहेब, अहो साहेब! थांबा. असे भराभर उतरू नका, पडाल.

लेखापाल : एकतीस वर्षांत त्या सभागृहात मी कधी तोंड उघडलं नव्हतं. आकडे विचारले तर चिठ्ठी पुढे करायचो.

ऑपरेटर : चांगलं वाचलंत. प्रत्येक शब्द मागेपर्यंत ऐकू येत होता.

शिंपी : तुमचं वाचून झालं आणि अध्यक्ष कसे हसले, बघितलंत? 'तांत्रिक बाब आहे' म्हणे. मग त्यांची नजर आमच्या हिच्यावर गेली. म्हणे, बाईंना काही सांगायचंय का? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळं माहीत असून विचारतो!

ऑपरेटर : आणि ताई उठल्या.

शिंपी : मी तिला उठवलं नव्हतं. तीच उठली, बाकाला धरून. तोंड उघडलं. नुसता एक 'आ' आला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेवढाच. पण बसली नाही. उभीच राहिली त्यांच्याकडे बघत. मला वाटलं होतं, मला लाज वाटेल. अजिबात नाही वाटली. त्यांनीच माना खाली घातल्या, एकेकाने.

लेखापाल : त्यानंतर चौदा हात वर झाले. विरोधात अकरा. तीन मतांनी का होईना, पद भरायचं ठरलं. पहिल्या तारखेपासून.

शिंपी : आणि मोबाइल?

लेखापाल : चौकशी समिती.

शिंपी : म्हणजे गेले.

लेखापाल : बहुतेक. पण पुढच्या वर्षापासून शुल्काचं खातं वेगळं राहील, त्याला दुसरा हात लागणार नाही. तेवढं इतिवृत्तात लिहून घेतलंय. मीच लिहिलं. माझं शेवटचंच असेल ते.

ऑपरेटर : शेवटचं का?

लेखापाल : बाहेर येताना हातात कागद दिला. उद्यापासून मी अभिलेख कक्षात. तळघरात. सात महिने जुने गठ्ठे मोजायचे.

शिंपी : हे बरंय! पैसे उडवणारे वर पंख्याखाली, आणि खरं वाचणारा तळघरात! चला परत आत. आत्ताच्या आत्ता विचारतो त्यांना.

लेखापाल : नको मास्तर. आज पुरे. खरं सांगू? कागद हातात घेतला तेव्हा भीती वाटायला हवी होती. भूक लागली. बऱ्याच दिवसांनी अशी भूक लागलीय.

ऑपरेटर : ताई कुठे आहेत?

शिंपी : खाली सावलीत. मेहुणी बसलीय सोबत. दमलीय, पण चेहरा बघा तिचा. गेल्या सहा आठवड्यांत असा नव्हता. तुम्ही भेटा ना तिला.

ऑपरेटर : कुठल्या तोंडाने भेटू?

शिंपी : काय बोलताय! बाळाचं मी तिला सांगितलंय. दोनदा सांगायला लावलं तिने, हाताने खूण करून.

ऑपरेटर : रविवारी घरी येते मग. आत्ता निघायला हवं. दोनला माझी पाळी आहे. सकाळचा माणूस वाट बघत असेल, मी गेल्याशिवाय त्याला पाणी प्यायलासुद्धा उठता येत नाही.

शिंपी : म्हणजे आजही एकट्याच?

ऑपरेटर : पहिली तारीख यायला अजून एकोणीस दिवस आहेत, मास्तर.

शिंपी : मग इथे बोलत काय उभ्या आहात? जा, ताई. पळा.