गाईने तोंड लावलं तेव्हा

मानाच्या खुर्चीवर बसलेले अध्यक्षसाहेब, स्टेजवरची पाहुणेमंडळी, आज ज्यांना निरोप द्यायचा त्या आपल्या गुरांच्या डॉक्टर मॅडम, आणि समोरच्या मावश्यांनो, काकांनो, सगळ्यांना माझा नमस्कार. माईक पहिल्यांदाच धरलाय. भाषण काही जमायचं नाही, झालं ते सांगते.

आमची एकच गाय. हिरवा चारा संपला, नुसता वाळका पेंढा उरला. गाय चघळायची, पण अंगी लागायचं नाही. बरगड्या दिसायला लागल्या, दूध आटत चाललं. आणि माझी पोरगी त्याच दुधावर. मॅडम म्हणाल्या, "पेंढा युरियात मुरवू, म्हणजे मऊ पडून अंगी लागेल." युरिया? पिकाला टाकतात तो? सासूबाई कडाडल्या, "गाय मेली तर पोरीला काय पाजशील? मॅडमचं बोलणं?" खरं सांगू का, मलाही तीच भीती होती.

मॅडम चिडल्या नाहीत. युरिया मापून पाण्यात विरघळवला, झारीने पेंढ्याच्या थराथरावर शिंपडला, आम्हाला वर नाचवून दाबून घेतला आणि प्लास्टिकचा कागद घट्ट बांधला. "हे पाणी गाईच्या तोंडाला लागता कामा नये. आणि मी येईपर्यंत कागद उचलायचा नाही."

आता शिजतंय का बघायला झाकण उचलायची सवय कुठल्या बाईची सुटलीय? सासूबाई रोज सकाळी एक कोपरा उचलून वास घ्यायच्या. शेजारच्या काकू, हसू नका, तुम्हीपण होतात सोबत!

तीन आठवड्यांनी मॅडमनी येऊन कागद उघडला, तर तो कोपरा काळा, बुरशी धरलेला. "बघ, सडवलं सगळं!" सासूबाई म्हणाल्या. मॅडमनी तेवढा भाग उपसून लांब फेकला, आत हात घातला. आतला पेंढा पिवळा-तपकिरी, मऊसूत! वास मात्र असा डोळ्यांत झोंबणारा, की भांडणारे आणि न भांडणारे, सगळेच रडायला लागलो. मॅडमनी तो पसरून ठेवला, वास उडू दिला, मग साध्या पेंढ्यात थोडा मिसळून गव्हाणीत टाकला.

गाईने हुंगलं. मान फिरवली. मी पोरीला छातीशी धरून उभी. पुन्हा हुंगलं, आणि घेतला की हो घास! मग मान वर करायलाच तयार नाही. दिवसभर मी गोठ्यातून हलले नाही. आणि ही महाराणी आपली निवांत रवंथ करत बसलेली!

हळूहळू बरगड्या बुजल्या, दूध वाढलं. आता आळीत कुणी पेंढा मुरवायला घातला, की सासूबाई काठी घेऊन हजर. "कागदाला हात लावशील तर याद राख!" बघा, आळीतल्या सगळ्या माना डोलावतायत.

मॅडम, तुम्ही जाल तिथेही कुणीतरी विचारेलच, गाय मेली तर? त्या विचारणारीला आमच्या गोठ्यात पाठवा. मी आहे, सासूबाई आहेत, काठी आहे.

तुमचे उपकार बोलून फिटायचे नाहीत. माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर घरची पोर समजून पोटात घाला. आता मला निघू द्या. धारेची वेळ झालीय, आणि हल्ली एका चरवीत दूध मावत नाही.