तर्कभूषणांच्या लेकाचं लग्न

विधवा लेकीचं ठरलेलं लग्न मोडलं की काय, हे पलीकडे व्याह्यांना विचारायला निस्तारिणी शांतिपूरच्या घाटावर नावेची वाट पाहत होती. पलीकडून उतरलेल्या एका भटजीला दुसऱ्याने पायरीवरच गाठलं.

“काय रे, तर्कभूषण पंडित नमले का?”

“कसले नमतात! उद्या विधवाच सून करून आणणार.”

“वाळीत टाकू म्हणालास ना?”

“म्हणालो. तर म्हणतात, ‘विधवेनं लग्न करावं असं जगाला शास्त्र सांगितलं, ते काय शेजाऱ्यांच्या मुलांपुरतं? तुम्ही जेवायला नाही आलात, तर गोरगरिबांना जास्त वाढू.’”

निस्तारिणीच्या जिवात जीव आला. नावेत न चढताच ती कोळणीपुढे जाऊन बसली.

“उद्याला मोठा हिलसा ठेव गं.”

“बाई, मासा कुणाला? विधवेला तो चालत नाही. घरात तुम्ही दोघीच, अन् दोघी विधवा.”

“उद्यापासून विधवा एकच.”